शिवणीतली माया

पवित्र कुरआनात रमजानच्या रोज्यांचे नियम सांगणारी जी आयत आहे, तिच्यात सुईदोऱ्याच्या डब्यातली भाषा आहे. सूरह अल-बकराची ही १८७वी आयत. रोजा पहाटे नेमका कधी सुरू होतो हे सांगताना तिथे दोऱ्याचा दाखला येतो. पहाटेचा पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा ओळखू येईपर्यंत खाण्यापिण्याची मुभा आहे, असा त्याचा आशय. आणि त्याच आयतीत, त्याच्या थोडं आधी, पती-पत्नी हे एकमेकांचा पोशाख आहेत असं म्हटलं आहे. म्हणजे दोरा आहे आणि पोशाखही आहे.

दोऱ्याच्या दाखल्यावरून हदीसमध्ये एक गोड प्रसंग नोंदवला आहे. दानशूर हातिमताईचं नाव मराठी वाचकांना नवं नाही. त्याचे चिरंजीव हजरत अदी यांनी ही आयत ऐकली आणि शब्दशः घेतली. त्यांनी एक पांढरी आणि एक काळी दोरी उशाशी ठेवली आणि रात्रभर ती न्याहाळत राहिले. अंधारात दोन्ही सारख्याच दिसल्या. सकाळी त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना ही अडचण सांगितली. प्रेषितांनी थट्टेच्या सुरात त्यांना समजावलं, की हे दोरे क्षितिजावरचे आहेत. काळा म्हणजे रात्रीचा अंधार आणि पांढरा म्हणजे दिवसाचा उजेड.

आमच्या घरांमध्ये मात्र रमजानात खरेखुरे दोरेही बाहेर निघतात. पंधरावा रोजा उलटला की गावातल्या शिंप्यांच्या दुकानांवर ‘ऑर्डर बंद’च्या पाट्या लागतात. मग ज्या घरात मशीन आहे, तिथे दुपारच्या नमाजनंतर तिच्यावरचं कापड बाजूला होतं, तेलाचे दोन थेंब पडतात, आणि गल्लीतून जाणाऱ्याला ती ओळखीची टकटक ऐकू येते. स्वयंपाकघर असरच्या नमाजपर्यंत शांत असतं. एरवी चहा-नाश्ता-जेवणात वाटला जाणारा दिवस सलग मिळतो. घरातल्या बाईला सलग दुपार मिळण्याचे वर्षातले हेच दिवस, आणि ती त्या दुपारी शिवणकाम काढते.

नवे कपडे: हुकूम की रिवाज?

माझ्या मराठी मित्रमैत्रिणी नेहमी विचारतात, ईदला नवे कपडे घालावेच लागतात का? नाही. ईदच्या दिवशी अंघोळ करावी, आपल्याजवळ जे चांगलं आणि स्वच्छ असेल ते घालावं, अत्तर लावावं, नमाजला जाण्याआधी काही गोड खावं, एवढंच अपेक्षित आहे. नवं कापड ही अट नाही. अट आहे ती वेगळ्याच गोष्टीची. ऐपत असलेल्या प्रत्येक घराने ईदच्या नमाजआधी फितरा द्यायचा. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, हनफी पद्धतीने साधारण पावणेदोन किलो गव्हाइतकी रक्कम गरिबाच्या हाती पोचवायची, म्हणजे त्याच्याही घरात त्या दिवशी चूल पेटेल. नव्या कपड्यांचा नंबर त्याच्या मागे.

पण मुलांना हा हिशेब सांगून उपयोग नसतो. दिवाळीला शेजारच्या पोराच्या अंगावर नवा सदरा आणि आपल्या अंगावर जुना, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. नवे कपडे हा धर्माचा हुकूम नसला तरी घराच्या मायेचा रिवाज आहे. आणि रिवाज पाळायला पैसे लागतात. आज अनेक घरं ईदच्या खरेदीसाठी उसनवारी करतात, हप्ते बांधतात. जुन्या काळी हाच रिवाज कर्जाशिवाय पार पडायचा, त्याचं एक मोठं कारण घरातली शिवण हे होतं.

आम्ही पाच भावंडं. शाबानच्या महिन्यात, म्हणजे रमजानच्या आधीच, अब्बा आठवडी बाजारातून दोन कापडं आणत: मुलांसाठी पांढरं पॉपलीन, मुलींसाठी फुलाफुलांचं केंब्रिक. वेगवेगळे तुकडे घेण्यापेक्षा एकाच थानातलं कापड घेतलं की ते पुरवून वापरता येतं. त्यामुळे ईदगाहच्या वाटेवर आमची भावंडं बँडपथकासारखी दिसत. तेव्हा लाज वाटायची. आता त्यातलं गणित दिसतं.

एक थान, पाच अंगं

हे गणित मुळात कुर्त्याच्या बेतण्यातच आहे. जुन्या पद्धतीचा कुर्ता बहुतेक सरळ रेषांत कापला जातो. पुढची आणि मागची बाजू म्हणजे दोन लांब आयत. बाह्या म्हणजे आणखी दोन. दोन्ही कुशींना घेर देण्यासाठी ‘कळ्या’ लागतात. एक आयत घेऊन तो तिरका कापला की दोन कळ्या निघतात. एकीचा रुंद भाग दुसरीच्या अरुंद भागाशेजारी बसलेला असतो, म्हणून मध्ये चिंधी उरत नाही. हात वर करताना काखेत ओढ बसू नये म्हणून तिथे एक छोटा चौकोनी तुकडा जोडतात. त्याला उर्दूत चौबगला म्हणतात. पायजम्यात तेच काम मियानी करते, दोन पायांच्या मधे. कमी पन्ह्याच्या कापडातून, काहीही वाया न घालवता, माणसाला नमाजमध्ये वाकता, बसता, माथा टेकता येईल असा कपडा काढायचा, ही त्या बेतणाऱ्या जुन्या हातांची अक्कल. आजचा फिटिंगचा शर्ट मुंढ्याशी गोल कापला जातो, आणि त्या गोलाईत कापड वाया जातं.

अम्मी आधी सगळ्यांत मोठ्या भावाचा कुर्ता बेतायची. त्याच्यातून उरलेल्या पट्ट्यांत धाकट्याच्या बाह्या, बाह्यांतून उरलेल्यात चौबगले, त्यातून उरलेल्यात टोपीचा घेर. टेप तिच्याकडे होता, पण लहान मुलांना ती वितीने आणि चार बोटांनी मोजायची. माप घेताना उभं राहायला सांगायची आणि दरवर्षी तेच म्हणायची, “सरळ उभा राह, श्वास नको ओढूस, नाहीतर ईदच्या दिवशी शिरखुर्मा प्यायलास की बटण तुटेल.”

कापडावर खडूने रेघ ओढली की ती त्या रेघेवर कधीच कापायची नाही. रेघेच्या बाहेर दोन बोटं सोडून कात्री चालायची. शिवताना ते जास्तीचं कापड आतल्या बाजूला दुमडलं जायचं. पोर वर्षभरात वाढलं की पुढच्या ईदला तीच टीप उसवायची आणि कुर्ता अंगाला बसता करायचा. आमच्या घरच्या उर्दूत याला ‘गुंजाइश’ म्हणत. शेजारच्या काकू मराठीत म्हणायच्या, ‘माया’. “अगं, जरा माया सोड, पोरगं वाढतंय.” मराठीत शिवणीच्या आत ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे मला शाळेच्या पुस्तकाआधी मशीनशेजारी बसून कळलं. दोन्ही भाषा शिकवायला लागल्यावरही इतका नेमका शब्द मला फार थोड्या ठिकाणी सापडला. माया बाहेरून दिसत नाही. कपडा उलटा केला तरच दिसते. आणि माणूस पुढच्या वर्षी आजच्यापेक्षा मोठा होणार, हे तिने आधीच धरलेलं असतं.

शिवणीचे शब्द तसे दोन्ही घरांचे सामायिक आहेत. अस्तर, नेफा, पायजमा हे फारसीतून आले. आजोबांच्या अंगातली पैरण म्हणजे फारसीतला पैराहन. ज्या खिशात आपण हात घालतो तो खिसाही तिकडचाच. टाका, टीप, धावदोरा, कात्री मात्र आपल्या मातीतले. पैरणीला खिसा लावणारी मराठी बाई दोन भाषा एका टाक्यात शिवते, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

चिंध्यांची ऊब

थानातून पाच अंगं निघाल्यावरही काही चिंध्या उरतातच. त्या फेकायच्या नसतात. त्यांचं गाठोडं बांधून माळ्यावर जायचं आणि तिथे जुनी लुगडी, विरलेल्या ओढण्या, फाटलेल्या लुंग्या यांच्या संगतीत ते गोधडीची वाट पाहायचं. कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ, आमच्याकडे गुदडी. गोधडी आणि गुदडी हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत हे सांगायला भाषेचा पंडित लागत नाही.

आमच्या गुदड्यांमध्ये शेजारच्या काकूंची जुनी नऊवारी असायची आणि काकूंच्या गोधडीला आमच्या ओढण्यांचे तुकडे. नऊवारी जुनी झाली की कापड मऊसूत होतं, आणि लांबीला भरपूर असल्याने एकाच लुगड्याचे दोन-तीन थर बसतात. खाली एक थर, वर एक, मधे फाटकीतुटकी कापडं, आणि मग कडेने सुरुवात करून आत आत येणारा धावदोरा. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. काम उन्हाळ्यात, अंगणात, दोघी-तिघींनी चार बाजूंना बसून करायचं. नवरात्राआधी काकूंकडे सगळ्या गोधड्या धुवायला निघत, आणि त्या दिवशी आमच्याही धुऊन घ्यायचा अम्मीचा शिरस्ता होता. घाट एकच, दगड एकच, आणि पिळायला दोन टोकांना दोन बायका लागतातच.

कापूस भरलेली रजई करायची तर पिंजारी बोलवावा लागे. पिंजारी किंवा नदाफ हा मुसलमानांतला पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारा समाज. खांद्यावर धनुष्यासारखी पिंजण घेऊन तो दारात यायचा, आणि ताणलेल्या तातीच्या त्या आवाजाने गल्लीतली सगळी पोरं गोळा व्हायची. या समाजातले अनेक जण स्वतःला मन्सूरी म्हणवतात. बगदादचे सूफी मन्सूर हल्लाज यांच्यावरून हे नाव आलं, आणि अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. इसवी सन ९२२ मध्ये ज्यांना देहदंड झाला, त्या सूफींचं नाव आपल्याकडच्या रजईवाल्याने जपलं आहे.

जुन्या कापडाची ही ऊब कुठल्या एका धर्माच्या मालकीची नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात, सिद्दी समाज राहतो. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले; त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून तिकडे गेले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. तिन्ही घरांतल्या बायका जुन्या कपड्यांची एकसारखीच गोधडी शिवतात, तिला ‘कवंदी’ म्हणतात. कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेलं ‘फूल’ लावलं नाही तर कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात. आपल्याकडे बाळंतविड्यात दुपटं आणि कुंची असते, आमच्याकडे छठीला कुर्ता-टोपी. दोन्हीकडे बाळाला पहिलं कापड घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वापरलेल्या, मऊ झालेल्या कापडातून काढायची चाल आहे. नव्या कापडाची खळ नाजूक कातडीला टोचते, हे त्यामागचं व्यवहारी कारण. आणि ज्याला आजीच्या लुगड्याची ऊब मिळाली त्याला आजीचं आयुष्यही मिळावं, हे मनातलं.

ठिगळाची प्रतिष्ठा

शिवणकाम बायकांचं, हा समज आपल्या सगळ्या समाजांत घट्ट आहे. रमजानात तो तपासून पाहायला हरकत नाही. प्रेषित घरात असताना काय करत, असं हजरत आयशा यांना विचारलं गेलं. त्यांच्या उत्तराचा आशय असा की ते आपले कपडे स्वतः शिवत, आपली पादत्राणं स्वतः सांधत आणि घरातली कामं करत. मदिनेचे अमीर असताना हजरत उमर यांच्या अंगरख्यावर दोन खांद्यांच्या मधे तीन ठिगळं एकावर एक शिवलेली पाहिल्याचं हजरत अनस यांनी सांगितलं आहे. पुढे सूफी फकिरांनी ठिगळांचा अंगरखा हीच आपली खूण केली.

महाराष्ट्राला ही खूण परकी नाही. अंगावर चिंध्यांचा पेहराव आणि हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. पंढरपूरच्या विठ्ठलापाशी हट्ट धरणारे संत नामदेव शिंप्याच्या घरातले. आणि मुसलमानांमध्ये अशी परंपरा आहे की सुईने कपडा शिवण्याची सुरुवात हजरत इदरीस या पैगंबरांनी केली. उत्तरेकडचे मुसलमान शिंपी म्हणूनच स्वतःला इदरीसी म्हणवतात. सुई हाती धरणाऱ्याला दोन्हीकडे मोठा मान आहे. तो मान पोथ्यांमधून घरातल्या मशीनपर्यंत पोचला का, हा खरा प्रश्न.

कारण मशीनवर बसलेल्या बाईचा रोजा सोपा नसतो. रमजान चंद्राच्या महिन्याने चालतो, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९८ साली तो डिसेंबरात सुरू झाला होता, २०१८ साली मे महिन्यात. थंडीत रोजा लहान पण मशीनचं लोखंड गार, बोटं आखडलेली. उन्हाळ्यात चौदा तास पाण्याचा थेंब नाही, आणि मांडीवर गोधडीची ऊब. सुईत दोरा ओवताना तो जिभेला लावायची सवय असते. अम्मी रोज्यात शेजारी पाण्याची वाटी ठेवायची आणि बोट भिजवून दोऱ्याला टोक काढायची. थुंकीने दोरा ओला करणाऱ्याच्या रोज्याचं काय, याची चर्चा फिकहच्या जुन्या ग्रंथांतही आहे. दोरा ओला केल्याने रोजा तुटत नाही, पण रंगीत दोऱ्याचा रंग थुंकीत उतरून पोटात गेला तर तुटतो, असं ते सांगतात. त्या विद्वानांच्या डोळ्यांसमोर रोजा ठेवून शिवत बसलेला कुणीतरी होता, हे वाचून मला नेहमी बरं वाटतं.

तिचं माप कुणाला ठाऊक?

आमच्या घरात ईदच्या सकाळी सगळ्यांत शेवटी अम्मी तयार व्हायची. तिच्या अंगावर बहुधा गेल्या किंवा त्याच्या आदल्या ईदचा जोड असायचा. तिचं कापड यायचं, ते बेतलंही जायचं. पण चाँदरात उजाडायची तेव्हा आमची काजं-बटणं चाललेली असायची आणि तिचा कमीज कच्च्या टाक्यावर खुंटीला लटकत असायचा. एकोणतिसावा रोजा सुटताना चंद्र दिसला, की हातातला एक दिवस कमी व्हायचा. तो कमी झालेला दिवस दरवेळी तिच्याच वाट्याचा असायचा.

एका वर्षी मोठ्या आपाने ठरवलं की या वेळी अम्मीचा जोड आधी शिवायचा, तोही तिच्या नकळत. आपा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. कापड घेतलं, कात्री घेतली, आणि मग ती थांबली. अब्बांच्या कॉलरचं माप अम्मीला तोंडपाठ, आम्हा पाचांच्या बाह्या, छात्या, उंच्या तोंडपाठ, नानीच्या कुर्त्याचा घेर तोंडपाठ. अम्मीचं माप मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं माप कधी कुणी घेतलंच नव्हतं. शेवटी आपाने तिचा एक जुना कमीज दोरीवरून काढला, उलटा केला आणि त्यावरून खडू फिरवला. उलटा केल्यावर दिसलं की त्या कमीजात माया जवळजवळ नव्हतीच. स्वतःसाठी शिवताना अम्मीने कापड वाचवलं होतं.

तो जोड सव्विसाव्या रोज्याला पुरा झाला. बाह्या थोड्या आखूड आल्या. अम्मीने काही न बोलता तो घातला, आणि आपाच्या हाताला धरून मुंढ्याशी पडलेली चुणी दाखवली, कशी काढायची तेही सांगितलं. त्यानंतर घरात एक नियम झाला: जिचे हात शिवतात तिचे कपडे आधी. आज आमच्या तिन्ही बहिणींच्या घरांत हा नियम आहे.

मशीन आणि मोल

घरची शिवण ही नुसती प्रेमाची गोष्ट आहे असं म्हटलं की तिचं मोल द्यावं लागत नाही. हा आपल्या सगळ्यांचा सोयीचा समज. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका मुलाखतीत शिवणयंत्राला अपवाद केलं होतं. मोजक्या उपयोगी शोधांपैकी तो एक, असं त्यांचं मत होतं. एलियास हाउ यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली अमेरिकेत घेतलेल्या पेटंटमधून हे यंत्र घराघरात पोचलं. आपल्याकडे त्या काळ्या, सोनेरी वेलबुट्टीच्या पायमशीनने किती विधवांची घरं चालवली, किती मुलींच्या फिया भरल्या, याची मोजदाद कुठल्या वहीत नसेल. पण गावातल्या प्रत्येक गल्लीत असं एक तरी घर आहे.

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी रमजानात मागच्या बाकावर बसते, कारण तिला डुलकी लागते. तरावीहच्या नमाजनंतर सहेरीपर्यंत ती शेजारपाजारचे कुर्ते-सलवार शिवते. त्या पैशांत तिची पुढच्या वर्षाची फी निघते. तिने एकदा सांगितलं, “मॅडम, कपडे सगळे चाँदरातीला घेऊन जातात, पैसे मात्र ‘ईदनंतर देतो’ म्हणतात.” मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपल्याकडे भाषणांत फार आवडीने सांगितली जाते. ती शिवणाऱ्या मुलीलाही लागू आहे. मशीनवरचा घाम पंख्याखाली लवकर सुकतो, एवढाच काय तो फरक.

प्रेषितांच्या पत्नींपैकी हजरत जैनब बिन्त जहश या हाताने काम करणाऱ्या होत्या. त्या कातडी कमावत, शिवत, आणि त्यातून जे मिळेल ते दान करत. तुमच्यापैकी जिचा हात सर्वांत लांब, ती मला सर्वांत आधी येऊन भेटेल, अशा अर्थाचं प्रेषित एकदा म्हणाले होते. त्यांच्या पत्नींनी तेव्हा खरोखर हात मोजून पाहिले. पुढे प्रेषितांनंतर त्यांच्यापैकी सर्वांत आधी हजरत जैनब गेल्या, ज्या चणीने लहानखुऱ्या होत्या. तेव्हा सगळ्यांना उमगलं, की लांब हात म्हणजे देणारा हात.

जकातीच्या हिशेबात घरात वापरायचं शिवणयंत्र किंवा कारागिराची हत्यारं धरत नाहीत. त्यांच्यावर जकात नाही. उलट जकातीच्या पैशातून एखाद्या गरजू बाईला मशीन घेऊन देता येते, अट एवढीच की ती तिच्या मालकीची झाली पाहिजे. रेशनचं किट महिनाभरात संपतं. मशीन तेल घालत राहिलं तर एक पिढी चालते. दोन्ही द्यावीत, पण दुसऱ्याचाही विचार व्हावा.

तयार कपड्यांच्या काळात

आता तयार कपडे स्वस्त आहेत, नमुने हजार आहेत, आणि दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने रात्री मशीनवर बसावं असं मी कुणालाही सांगणार नाही. मीही मुलांचे ईदचे कपडे बाजारातूनच आणते. पण तयार कपड्याला एस, एम, एल एवढंच ठाऊक असतं. त्याला एक खांदा किंचित उतरलेला आहे हे ठाऊक नसतं, अब्बांना आता बटणं लावायला त्रास होतो म्हणून समोर मोठी काजं हवीत हे ठाऊक नसतं. आणि त्याच्या आत माया नसते. कारखान्यात कापडाचा प्रत्येक अंगुळ मोजलेला असतो. कुर्ता अंगाला आखूड झाला की टाकायचा, एवढाच मार्ग उरतो.

म्हणून घरात निदान एवढं शिल्लक राहावं. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, बटण लावता यावं आणि उसवलेली टीप घालता यावी. वर्षातून एक कपडा कुणीतरी कुणासाठी हाताने शिवावा, उशीचा अभ्रा असला तरी चालेल. विरलेल्या ओढण्या आणि साड्या भंगारवाल्याला देण्याआधी एका गोधडीचा विचार व्हावा. गोधडी शिवणाऱ्या बायका अजून गावागावांत आहेत, त्यांना योग्य मजुरी द्यावी. आणि बाहेर शिवायला टाकलं असेल तर कपडे हातात घेतानाच पैसे द्यावेत.

हजला जाणारा पुरुष अंगावर दोन न शिवलेली वस्त्रं घेतो. माणूस गेला की त्याला जे कफन घालतात, त्यालाही शिवण नसते. आपल्या शेजारच्या घरात सोवळ्याला शिवलेलं वस्त्र चालत नाही, तेही याच जातीचं. देवासमोर जाताना माणूस शिवण बाजूला ठेवतो. म्हणजे शिवण ही फक्त माणसांनी माणसांसाठी करायची गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी वेळ मधल्या आयुष्याएवढाच आहे.

ईदला अजून काही दिवस आहेत. बाजारात जाण्याआधी कपाटातून गेल्या वर्षीचा मुलाचा कुर्ता काढा आणि उलटा करून पाहा, आत दोन बोटं माया शिल्लक आहे का. असेल तर एक टीप उसवून चालेल. आणि घरात टेप सापडला, तर सगळ्यांची मापं जिला तोंडपाठ आहेत, तिचं माप एकदा घ्या.